हुकमाचं हसू

लकव्यानं सांडूअण्णांच्या तोंडाची एक बाजू गेली होती. डॉक्टरीणबाई "हसून दाखवा" म्हणाल्या, तर अर्धंच तोंड हललं. शेजारच्या खाटेवरच्या चांदपाशानं बाईंची नक्कल केली, तेव्हा मात्र अण्णांचं अख्खं तोंड हसून फुललं.

"ठरवून हसायचा हुकूम मेंदूच्या वरच्या भागातून येतो, ती वाट बंद पडलीय," डॉक्टरीणबाईंनी अण्णांच्या बायकोला, चतुराबाईंना समजावलं. "खरं हसू मेंदूत खोल आतून येतं. ते शाबूत आहे."

घरी आल्यावर चतुराबाईंनी येसराची आमटी वाढली. "कशी झाली?"

"लई झकास!" म्हणत अण्णा हसले. अर्ध्याच तोंडानं.

चतुराबाई बघतच राहिल्या. "म्हंजी लगीन झाल्यापासून माझी आमटी तुमी नुस्ती गोड मानून घेतली व्हय?"

अण्णांचं अख्खं तोंड हसलं.