एकूण माणसं

"कुटुंबात एकूण माणसं किती?" तिने विचारलं.

"चार," बाबा म्हणाले.

तिचं पेन थांबलं. घरात माणसं तीन होती. आत भांडी पुसून ठेवणारी आई, समोर खुर्चीत बसलेले बाबा आणि मांडीवर कागद घेऊन बसलेली ती. चौथा म्हणजे दादा. तो तीन वर्षांपूर्वी कॉलेज अर्धवट सोडून छापखान्यात कामाला लागला होता. "गेलास तर परत यायचं नाही," असं बाबा म्हणाले होते. दादा गेला. बापसे बेटा सवाई, त्यामुळे परत यायचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून कुठलाही अर्ज समोर आला की बाबा न अडखळता 'तीन' लिहीत.

ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेजात नव्या मुलांना सामाजिक संशोधनाची ओळख करून देणारा आठवडा चालू होता. प्रश्नावली घेऊन दहा घरं फिरायची आणि शुक्रवारी मोठ्या हॉलमध्ये तक्ते लावायचे, असा बेत होता. परक्याच्या दारात जाण्याआधी घरच्या एकावर हात साफ करून घ्या, असं मॅडमनी सांगितलं होतं. शिवाय उत्तर ऐकून चेहरा बदलायचा नाही. माणूस बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. आणि प्रश्न विचारला की तोंड मिटायचं. "उत्तर आलं नाही तर मनात दहा आकडे मोजा," मॅडम म्हणाल्या होत्या. "अकराव्याला माणूस बोलतो."

तिला घरात सगळे टकळी म्हणत. तोंड मिटणं एवढं सोडून काहीही जमेल, असं तिचं मत होतं.

तिने 'चार' लिहिलं.

"प्रत्येकाचं वय, शिक्षण, व्यवसाय सांगा."

बाबांनी स्वतःचं सांगितलं. बावन्न, दहावी, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणं. मग आईचं सांगितलं. मग तिचं. आणि गप्प झाले.

एरवी तिने लगेच विषय बदलला असता. तीन वर्षं या घरात बोलणं इथवर आलं की कुणी ना कुणी विषय बदलत असे. तिने मोजायला सुरुवात केली. पाच. सहा. आतला भांड्यांचा आवाज थांबला. सात. आठ.

"सव्वीस पूर्ण," बाबा म्हणाले. "शिक्षण अर्धवट. छापखान्यात मशीन चालवतो. आधी कागद उचलायला होता. वर्षभरापूर्वी मशीनवर घेतला त्याला."

तिने लिहिलं.

"तब्येतीच्या काही तक्रारी?"

"मान धरते त्याची. सारखी मोडत असतो. आणि महिन्यापूर्वी चष्मा लागलाय. फ्रेम उजवीकडे कललेली आहे. ज्यानं बसवली त्याला काम येत नाही."

तिने चेहरा बदलला नाही, पण कान गरम झाले. दर गुरुवारी कॉलेज लवकर सुटलं की ती गुपचूप दादाला भेटायला जात असे. घरी कुणाला कळू द्यायचं नाही, अशी तिने त्याला शपथ घातली होती. चष्म्याचं आपल्याशिवाय घरात कुणाला ठाऊक नाही, याची तिला खात्री होती.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता.

"छापखान्यासमोर एक दुकान आहे. हल्ली काचा तिथून आणतो मी."

"चांगल्या मिळतात तिथे?"

"नाही."

तिने पुन्हा दहा मोजले. या वेळी अकराव्यालाही काही आलं नाही. मग नळाला पाणी किती वेळ असतं, वर्तमानपत्र कोण वाचतं, दवाखाना किती लांब, हे प्रश्न भराभर उरकले. शेवटी एकच राहिला. याला बहुतेक लोक 'नाही' म्हणतात, असं मॅडमनी सांगून ठेवलं होतं.

"तुम्हाला मला काही विचारायचं आहे का?"

"हो," बाबा म्हणाले. त्यांनी एका हाताचा अंगठा दुसऱ्या हाताने चोळला. काचा घासून तो कायमचा खरखरीत झाला होता. "तू गुरुवारी त्याच्याकडे असतेस ना. या गुरुवारी मीही आलो तर तो उठून जाईल का?"

टकळीने तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"गुरुवारपर्यंत कशाला थांबताय?" आई दारात येऊन उभी होती. हातात पुसायचं फडकं तसंच होतं. "उद्या बुधवार. माझ्याबरोबर चला."

"बुधवारी तुझा शिवणाचा क्लास असतो," बाबा म्हणाले.

"तो क्लास दोन वर्षांपूर्वीच बंद पडला, अहो."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. दादाने दोघींचं येणं एकमेकींपासून पोटात ठेवलं होतं. एकीने विचारलं तरी दुसरीचा सुगावा लागू दिला नव्हता.

"किती वाजता निघायचं?" बाबांनी आईला विचारलं.

"साडेचारला. त्याची पाळी पाचला सुटते."

बाबांनी मान हलवली. कुणीही विषय बदलला नाही.

"म्हणजे तीन वर्षं घराबाहेर मीच होतो," ते म्हणाले.

तिने पेन टेकवलं.

"हे लिहू नकोस," बाबा म्हणाले.