फडक्याआडचा आवाज

रत्नम्मानं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता आणि घेणारही नव्हती. रोज तळहातावर घेऊन पुजायचं गळ्यातलं इष्टलिंग हरवलं होतं, चांदीच्या डबीसकट आणि दोऱ्यासकट. अंगावर लिंग नाही तर तोंडात पाणी नाही, हा तिच्या माहेरचा आणि सासरचाही नेम. सत्तरी उलटली, साखरेचा आजार जडला, म्हणून तो मोडणारी ती बाई नव्हती.

उदगीरच्या त्या घरात ती एकटीच राहायची. सोबतीला होती चाकांवरची एक उंच काठी आणि काठीच्या टोकाला स्क्रीन. त्या स्क्रीनमधून तिची लेक शिवानी नांदेडहून घरभर फिरायची. बोटानं चाकं वळवायची, आईच्या मागेमागे स्वयंपाकघरात जायची, गोळी घेतली का म्हणून डोकं खायची. रत्नम्मा त्या यंत्राला नुसतं गाडी म्हणायची.

"अव्वा, गूळपाणी तरी घे. चक्कर येऊन पडशील."

"आधी लिंग सापडू दे."

"देव काय तुला उपाशी मारणार हाय का?"

"त्याचं ते बघंल. मला न्हाई जमत."

शिवानीला भीती वाटत होती आणि रागही येत होता. पण आईशी वाद घालून काही उपयोग नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. गाडी जे पाहते ते सगळं साठवून ठेवते, शब्द टाकला की ती वस्तू कुठं दिसली ते शोधून देते, असं विकताना दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं. तिनं 'चांदीची डबी' असं लिहिलं. यंत्रानं मोठ्या उत्साहानं हिंगाची डबी दाखवली, मग मिसळणाची, मग चष्म्याची. लिंगाच्या डबीचा पत्ताच नव्हता.

मग तिनं शब्दांचा नाद सोडला आणि चित्राखालची पट्टी बोटानं मागे सरकवायला घेतली. उलटी चालणारी अव्वा झाडलेला केर पुन्हा घरभर पसरत होती. एरवी शिवानी पोट धरून हसली असती. आज तिची नजर फक्त आईच्या गळ्यावर होती. दोरा नाही. आणखी मागे, तरी नाही. आणि मग चित्र एकदम काळं झालं. काळं संपलं तेव्हा नुकतीच आंघोळ करून आलेली अव्वा दिसली, आणि तिच्या गळ्यात दोरा होता.

म्हणजे जे काही झालं, ते त्या काळोखात झालं होतं.

"अव्वा, पूजेला बसताना गाडीवर काय टाकतीस तू?"

"फडकं. मग काय, लिंग हातावर घेऊन गाडीला दाखवू?"

तळहातावरचं लिंग दुसऱ्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही, ही घरातली रीत शिवानीला माहीत होती. तरी तिला रडू यायचंच बाकी राहिलं. दिवसभर सगळं घर टिपणारं यंत्र नेमकं तेवढ्या वेळापुरतं डोळे बांधून उभं होतं.

पण कान तर उघडे होते. तिनं आवाज मोठा केला आणि काळोख ऐकायला घेतला. पाण्याची धार. मंत्र. घंटी. मग अव्वाचा अगदी खालच्या पट्टीतला आवाज आला, "माझ्या शिवानीला..."

शिवानीनं पट्टी चटकन पुढं सरकवली. ते तिच्याशी बोललेलं नव्हतं.

पुढं दाराची कडी वाजली. शेजारच्या उमाशंकरचा आवाज आला, "काकू, गिरणीला निघालो. ज्वारी द्यायची का दळायला?" "थांब बाबा, देते." घाईची पावलं. कोठीचं झाकण. डब्यात ज्वारी पडल्याची सरसर, आणि त्या सरसरीत एकदाच टणकन काहीतरी वाजलं.

"अव्वा, डबी गळ्यात घालताना दोऱ्याला गाठ मारली होतीस का?"

रत्नम्माचा हात गळ्याशी गेला. "हाक आली की गं," ती म्हणाली. लिंग ज्वारीबरोबर गिरणीत गेलं होतं.

शिवानीनं उमाशंकरला फोन लावला. पलीकडून कुणी बोलेपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर गिरणीचं जातं फिरत होतं.

"आता कुठलं दळण?" उमाशंकर वैतागून म्हणाला. "गिरणीकडं सकाळपासून लाईट न्हाई. काकूंचा डबा तसाच हाय रांगेत."

विजेच्या खात्यावर शिवानीचं असं प्रेम आजवर कधीच जडलं नव्हतं.

उमाशंकर डबा खांद्यावर घेऊन आला. "मी हात घातला न्हाई हं आत, काकू," एवढंच म्हणाला आणि पाठमोरा होऊन उंबऱ्याबाहेर गेला. रत्नम्मानं कोपरापर्यंत हात ज्वारीत घातला. थोडा वेळ तिचा चेहरा दगडासारखा होता. मग ती हसली आणि शिवानीला इकडे हुंदका आला.

न्हाऊन, भस्म लावून रत्नम्मा पाटावर बसली. सवयीनं तिनं फडकं उचललं. तिचा हात मध्येच थांबला.

"सकाळचं सगळं ऐकलंस का?"

"न्हाई. तुझं देवाशी बोलणं आलं, तेवढं सोडून पुढं गेले."

 रत्नम्मानं फडक्याची नीट घडी घातली आणि ती पाटाखाली सरकवली.

"तूच डोळे मीट," ती म्हणाली.

शिवानीनं नांदेडात डोळे मिटले. पाण्याची धार ऐकू आली, मंत्र झाला, घंटी वाजली. "माझ्या शिवानीला..." अव्वानं या वेळी आवाज खाली आणला नाही, आणि शिवानी पुढं गेली नाही.