बरं झालेलं रक्त

झाकण खडखडलं, तशी स्वयंपाकघरातली शांतता मोडली. सलीलसाठी उकळत ठेवलेला चिनी काढा उतू जायच्या बेतात होता. निधीने शेगडी बंद केली, पण फोनवरची नजर काही हलेना.

"सलील, रिपोर्ट आला! रक्तातला सूज दाखवणारा मार्कर निम्म्यावर उतरलाय. औषध लागू पडलं तुला!"

संधिवातावरच्या या चिनी औषधाच्या अभ्यासात नवऱ्याचं नाव तिनेच हट्टाने घातलं होतं. ती स्वतः लॅबमध्ये दिवसभर रक्त तपासायची. माणूस काहीही सांगेल, रक्त खोटं बोलत नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य.

"बोटं कशी आहेत, हे विचारलंय का त्यात कुठे?" सलीलने विचारलं.

"हा अभ्यास फक्त मार्करचा आहे रे. पण बरे झालेल्यांत धरलंय तुला."

"मग काय, झकास! माझ्या रक्ताचं अभिनंदन कर." तिने गाळून दिलेल्या काढ्याचा कप त्याने दोन्ही तळव्यांत धरून कसाबसा तोंडाला लावला.

शाळेला निघालेली रेवा दारातून हे ऐकत होती. बाबा बरा झाला म्हणताच ती धावत आली आणि कोट उघडा ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली, पूर्वी रोज राहायची तशी. सलीलची बोटं बटणावरून घसरली. पुन्हा घसरली. निधी पुढे झाली, तर त्याने मानेनेच तिला थांबवलं.

रेवा त्या बोटांकडे बघत राहिली, मग आईकडे वळली.

"आई, बाबाच्या बोटांना कुणी सांगितलंच नाही का?"