फक्त पहिलं नाव

“मॅडम, तुमचं आडनाव काय?” खुर्चीत बसल्याबसल्या त्यानं विचारलं. पाठीवरची सॅक अजून काढली नव्हती. त्यानं मेसमध्ये जेवायला जाणं सोडलं होतं, म्हणून हॉस्टेलच्या वॉर्डननं त्याला समुपदेशन केंद्रात पाठवलं होतं.

मुक्ताच्या बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव होतं. जात कळू नये, म्हणून केंद्राचा तसा नियमच होता. ती अजून शिकत होती. त्याच्या पाठीमागे बसून सर तिचं काम पाहत होते. स्वतःविषयी काही सांगायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं.

“आडनाव कळणं तुला गरजेचं का वाटतं?” तिनं शिकवल्याप्रमाणे प्रश्नाला प्रश्न केला.

“माझं तुमच्या कागदावर आहे. खोलीच्या दारावर लागलं, त्याच दिवशी रूम पार्टनर दुसरीकडे राहायला गेला. तुमचं तेवढं झाकून ठेवता.” तो उठून दाराकडे निघाला.

सरांनी मुक्ताला मानेनंच ‘नको’ म्हणून खुणावलं.

“आपटे,” ती म्हणाली.

तो थांबला. “वाटलंच.” मग परत येऊन त्यानं सॅक पायाशी ठेवली. “म्हणजे तुम्हाला अगदी पहिल्यापासून सांगावं लागणार.”