ग्रंथकर्त्याची साक्ष

मामलेदारांनी ते पुस्तक उघडलं आणि कल्लाप्पा वकिलांनी ते लांबूनच ओळखलं. पुस्तक त्यांचंच होतं. कायद्याचा अर्थ कसा लावावा हे सांगणारं, महाराज गादीवर बसले त्या साली छापलेलं. वीस वर्षांत ते कोल्हापुरातल्या प्रत्येक कचेरीत जाऊन बसलं होतं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कल्लाप्पांनी ती पस्तीस वर्षं झिजवली होती. आता चार पायऱ्यांनी दम लागायचा, आणि शब्दांचा कीस पाडायचा तर मनापासून कंटाळा आला होता.

आज ते आले होते फक्त लालबीसाठी. तिचा नवरा मीरासाब वेशीजवळच्या पिराला रोज दिवा लावी. त्या चाकरीबद्दल दोन बिघे इनाम होतं. तीन वर्षांपूर्वी तो अंथरुणाला खिळला, तसा दिवा लालबी लावू लागली. एक सांज चुकली नाही. पण कुणीतरी अर्ज ठोकलाच, की सनदेत 'चाकरी स्वतः करावी' असं आहे. ती अट मोडली, जमीन सरकारजमा करा.

मामलेदार हंबीरराव कल्लाप्पांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी मान खाली घालून पुस्तकातून वाचलं, की 'स्वतः' म्हणजे सनद ज्याच्या नावे त्यानंच. बायको, भाऊ चालणार नाही.

"हे मीच लिवलंय," कल्लाप्पा म्हणाले. "तवा अंथरुणाला खिळलेला माणूस डोळ्यांपुढं न्हवता. माझं चुकलं की. लिवणारा सोता सांगतोय, आता तरी ऐका."

जन्मभर कमावलेलं नाव गेलं तरी चालेल, बाईचे दोन बिघे राहू देत, एवढंच त्यांना वाटत होतं.

हंबीररावांनी चार पानं मागं उलटली.

"गुरुजी, हितं तुमीच लिवलंय. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्याला विचारू नये, लिहिलेलं तेवढंच बघावं. मी काय करू, सांगा."

आपलेच दात, आपलेच ओठ. कल्लाप्पांनी ती ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. जमीन गेली.

लालबी बाहेर पायरीवर बसली होती. कल्लाप्पांनी तिला निकाल सांगितला. कसाबसा दिलासा म्हणून ते म्हणाले, "आता दिवा लावायचं बंधन तरी न्हाय तुला, बाई."

दिवस कलला होता. लालबीनं तेलाची बाटली उचलली आणि पिराच्या वाटेला लागली. दोन पावलांवर थांबून तिनं मागं बघितलं.

"मला बंधन कवा हुतं, वकीलसाब? सनद तर त्यांच्या नावची हुती."