फक्त टीचरचा आवाज

त्या दिवशीचा खेळ टीचर जिंकल्या.

हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही असं धरून चालू. कारण सकाळी टीचर स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि पलीकडून एका मुलाची आई बोलत होती.

"मॅडम, तेवढं एकदा मेल्ट म्हणता का? स्पीकरवर ठेवते."

"काय केलंय त्यानं?"

"काही नाही, तोंडात घास धरून उभा आहे. तुमच्या तासाचं रेकॉर्डिंग लावलं होतं. तुम्ही फ्रीझ म्हणालात आणि नेमकी रेंज गेली."

"मेल्ट," टीचर म्हणाल्या. पलीकडे घास गिळल्याचा आवाज आला.

खेळ तसा साधा. ऑनलाइन इंग्रजीच्या वर्गात टीचर फ्रीझ म्हणाल्या की पुतळा व्हायचं, मेल्ट म्हणाल्या की सुटायचं. मध्ये हलेल तो बाद. त्यातून इंग्रजीचे दोनच शब्द शिकून होत, पण ते मुलं जन्मात विसरणार नव्हती. पंचाईत एवढीच, की प्रत्येक मुलाच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, एकेक आजी बसलेली असायची. टीचरच्या आधीच ती "मेल्ट, मेल्ट" कुजबुजून नातवाला मोकळं करायची. शेवटी वैतागून टीचरनी नियम केला : फक्त टीचरचा आवाज. दुसऱ्या कुणाच्या आवाजावर हललात तर बाद.

आज्यांचा बंदोबस्त झाला. मुलं मात्र नियमाला चिकटली ती चिकटलीच. एक जण बादलीत एक पाय घालून पाणी गार होईपर्यंत उभा राहिला. एकीला तशीच आडवी उचलून दवाखान्यात नेली, तर डॉक्टरांनी नाडी बघितली आणि टीचरना फोन लावला.

"तुझी नोकरी गेली तर कोण सोडवणार गं यांना?" नवऱ्यानं जेवताना सहज विचारलं. त्याला सगळं सहजच सुचायचं. टीचरनी ताट बाजूला सारलं.

कारण नोकरी गेल्यातच जमा होती. पुढच्या महिन्यापासून हा वर्ग एक कार्टून हत्ती घेईल, असं कंपनीनं कळवलं होतं. "हत्तीला मेल्ट म्हणता येतं का?" टीचरनी सुपरवायझरना विचारलं.

"मॅडम, हत्तीच्या अभ्यासक्रमात लुडबुड नको."

तेव्हा टीचरनी ठरवलं, जाण्याआधी मुलांची ही सवय मोडायची. आपली गादी दुसऱ्या कुणाला तरी द्यायची. कुणीही फ्रीझ म्हणू शकतं आणि कुणीही सोडवू शकतं, एवढं एकदा मुलांच्या डोक्यात शिरलं की काळजी मिटली.

गादीवर बसायला, टीचर जिला वकीलबाई म्हणत, ती वर्गातली मुलगी तयारच होती. समोरचे दोन दात पडलेले, पण नियमांच्या बाबतीत कुणाला हार जाणारी नव्हे. तिचा आज शेवटचा तास होता. आईवडील तिला घेऊन दूर दुसऱ्या देशात निघाले होते आणि तास संपताच कंपनी तिचं नाव, नंबर, सगळं पुसून टाकणार होती. लहान मुलांच्या माहितीबद्दल कंपनी फार कडक.

"आज ही टीचर," टीचरनी जाहीर केलं. "मी तुमच्यातलीच एक."

"मी फ्रीझ म्हटलं की तुम्हीपण?" वकीलबाईनं विचारलं.

"मीपण."

"नीट खेळायचं हं. मोठी माणसं मध्येच हसतात."

"नाही हसणार."

"नियम तोच?"

"तोच. फक्त टीचरचा आवाज."

"म्हणजे फक्त माझा."

"फक्त तुझा," टीचर म्हणाल्या, आणि बाकीच्यांनी बघून शिकावं म्हणून खुर्चीवरून उठून, दोन्ही हात वर करून, बोटं पसरून झाडासारख्या उभ्या राहिल्या.

"फ्रीझ," वकीलबाई म्हणाली.

सगळे चौकोन थिजले. वकीलबाईनं एकेकाला डोळे बारीक करून निरखलं. तेवढ्यात मागून तिच्या बाबांचा आवाज आला, "चल गं, गाडी आली, बंद कर ते," आणि तिचा चौकोन काळा झाला.

टीचरनी मान न वळवता पडद्याकडे बघितलं. समोर एकाचं बोट नाकात होतं, एकीची वेणी अर्धी सुटलेली, एक जण तर एका पायावर. कुणी पापणी लववत नव्हतं. आता यांना कोण सोडवणार? आणि हे आपण आपल्या हातानं केलं.

मग नाकातलं बोट बाहेर आलं.

"ती कुठे टीचर आहे?" बोटाचा मालक म्हणाला. "खोटी टीचर."

"मला तर शू लागलीय," वेणीवाली म्हणाली आणि पळाली. एका पायावरचा दोन पायांवर आला. कुणाची तरी आजी चौकोनात डोकावून "दमलं गं माझं बाळ" म्हणाली आणि त्याला घेऊन गेली. एकेक करून सगळी हलली, खिदळली, टाटा करून निघून गेली. मेल्टशिवाय.

सवय मोडली होती. टीचरना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते गालावरून ओघळून हनुवटीवर थांबलं.

"फार छान तास, मॅडम," कॅमेरा बंद ठेवून तास बघत बसलेले सुपरवायझर म्हणाले. "हत्तीचं आपण पुढे ढकलू. उद्यापासून रोज हाच खेळ घ्या. चालेल ना?"

टीचर नाही म्हणाल्या नाहीत.

प्रति, प्रमुख, विद्यार्थी माहिती विभाग. महोदय, माझी पत्नी आपल्याकडे शिक्षिका असून सदर तासापासून ती आमच्या बैठकीच्या खोलीत दोन्ही हात वर करून उभी आहे. मी तसेच शेजाऱ्यांनी आवश्यक तो शब्द वारंवार उच्चारून पाहिला, परंतु नियमानुसार आमचे आवाज ग्राह्य नाहीत. तरी आपण नोंदीतून वगळलेल्या विद्यार्थिनीचा शोध घेऊन, तिच्या सवडीने, तिला एकदा फोनवर मेल्ट म्हणण्यास सांगावे, ही नम्र विनंती.