बातमी कोण फोडतं?

तिसऱ्यांदाही सैनिक बातमीदारांच्या गाडीआधी पोचले होते. रस्त्यात आडवा ट्रक, त्याच्यापुढे चौघे जण आणि तेच ठरलेलं वाक्य, "पुढे जाता येणार नाही."

ती गाडीत परत बसली. वृत्तवाहिनीची परदेशातली वार्ताहर म्हणून बावीस वर्षं तिने लढायांमागे पायपीट केली होती. योगायोग एकदा होतो, फार तर दोनदा.

"आपल्यातलंच कुणीतरी बातमी फोडतंय," कॅमेरामन तिच्या कानाशी पुटपुटला. त्याची नजर पुढच्या सीटवर होती.

तिथे गाडी चालवायला दुभाषाच बसला होता. इथलाच माणूस, लढाईपूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा. तिच्या भाषेतला 'ताई' हा एकच शब्द त्याने हौसेने उचलला होता. वाटेत तो दोनदा फोनवर हळू आवाजात बोलला.

"कोण होतं?"

"बायको, ताई. दिवस भरलेत तिचे."

दर वेळी बायकोच.

हॉटेलवर पोचताच तिने रोजच्यासारखा बाबांना फोन लावला. त्यांची तीस वर्षं देशोदेशींच्या वकिलातींत गेली होती. आई गेल्यापासून, लेक उद्या कुठे आणि किती वाजता निघणार हे कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

"बाबा, मला दुभाष्याचा संशय येतोय."

"पुराव्याशिवाय कुणावर ठपका ठेवू नये गं. जेवलीस का?"

पुरावा दुसऱ्याच दिवशी मिळाला. पुन्हा ट्रक, पुन्हा नकार. पण या वेळी तिथल्या अधिकाऱ्याने दुभाष्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं हसले.

"माझा विद्यार्थी होता तो," दुभाषा गाडीत बसता बसता म्हणाला. "नकाशात कायम नापास!"

कुणीच हसलं नाही. हॉटेलच्या दारात तिने हात पुढे केला. "वाहिनीचं ओळखपत्र द्या. उद्यापासून येऊ नका."

त्याला आधी समजलंच नाही. मग चेहरा उतरला. "ताई, हे गळ्यात आहे म्हणून मला कुणी हात लावत नाही."

"द्या."

त्याने ते काढलं, दोरी नीट गुंडाळली आणि तिच्या हातावर ठेवलं.

सकाळी हॉटेलच्या कारकुनाने खालमानेने सांगितलं, दुभाष्याला सैनिकांनी पहाटेच घरातून उचललं होतं. कुठे नेलं, कुणी सांगत नव्हतं. बायको दारात बसून होती.

"तो त्यांचाच माणूस असता, तर त्याला का नेलं असतं?" तिने विचारलं. कॅमेरामनने गाडीची किल्ली उचलली.

दोघंच निघाले. आता कॅमेरामन गाडी चालवत होता. अर्ध्या तासात समोर ट्रक आडवा दिसला. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. मग दोघांनीही नजर चोरली.

ती खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने बाबांना फोन केला.

"बाबा, आजही अडवलं. दुभाषा नसताना. मी त्याला काढून टाकलं होतं, आणि आज पहाटे सैनिकांनी त्याला उचललं. जिवंत आहे की नाही, तेही कळत नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"असं व्हायला नको होतं," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "तिथल्या सैन्यातल्या ओळखीच्या माणसाला मी फक्त तुला अडवायला सांगितलं होतं."